कान नसलेला कप

सायकलच्या त्या रविवारांबद्दल कोणी लाडानं बोलायला लागलं की माझं डोकं सणकतं. गेल्या हिवाळ्यात अकोल्याला मोरेश्वरच्या नातवाचं लग्न होतं. जेवणं आटोपल्यावर सुधाकरनं माइक हातात घेतला आणि सुरू झाला. कॉलेजात असताना आम्ही तिघं अमरावतीहून सायकली कशा काढायचो, भातकुलीच्या रस्त्यानं, वलगावच्या रस्त्यानं कसे उंडारायचो, कुठं चहा, कुठं शिंदी, आणि आमच्यात जातपात कशी नावालाही नव्हती. हे शेवटचं बोलताना त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पानातली जिलबी संपवली, हात धुतले आणि मिळेल ती गाडी धरून घरी आलो. बायको म्हणाली, एवढा त्रास होतो तर जाता कशाला तडमडायला? मी म्हटलं, आता तो काय काय बोलतो ते ऐकायला जातो. हे प्रकरण म्हणजे त्याच्या त्या भाषणाला माझं उत्तर आहे. ज्याला तारुण्याच्या गोड आठवणी वाचायच्या असतील त्यानं ही पानं उलटून पुढं जावं, मला राग येणार नाही. राग यायला दुसऱ्या गोष्टी भरपूर आहेत.

आमचं घर एका जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीला लागून होतं. एक खोली, पुढं पडवी, पडवीत चूल. माझा बाप, आम्ही त्याला बा म्हणायचो, फॅक्टरीत कापसातून सरकी वेगळी काढायच्या यंत्रावर होता. हंगामात ती यंत्रं दिवसरात्र धडधडत आणि आमच्या घरातली भांडी फळीवर थरथरत राहत. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरातली भांडी अशी वाजतात. बा घरी यायचा तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळीवर रुई चिकटलेली असायची आणि माय त्याला दारातच पदरानं झाडायची. पण हे नंतरचं. त्याच्या आधीची जी वर्षं मला आठवतात त्यांत भोंगा वाजला की माय हातातलं काम थांबवून कान लावून बसायची. पाऊल सरळ येतं की अडखळत येतं, ते ऐकायची. अडखळत आलं तर ती मला शेजारच्या काकूकडे पाठवून द्यायची. मग बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. पांढरे कपडे घालून गेला आणि पांढऱ्याच कपड्यांत परत आला, धुळीनं भरलेला. घरातले देव त्यानं गाठोड्यात बांधून नदीत सोडले. घेतलेल्या प्रतिज्ञांमध्ये दारूची एक होती. त्या दिवसानंतर बानं दारूला हात लावला नाही, मरेपर्यंत नाही. पहिले काही महिने त्याचे हात कापायचे, तो रात्री घामानं निथळायचा, अंगणात येरझारा घालायचा, पण शब्द म्हणजे शब्द. पुढं घरात सायकल आली. काळी, जुनीच, पण मागं मजबूत कॅरिअर असलेली. माय तिला ‘दारूची सायकल’ म्हणायची, म्हणजे न प्यालेल्या दारूची. बा त्यावर हसायचा. त्याचं हसणं मी आधी फारसं ऐकलं नव्हतं.

कॉलेजात गेल्यावर रविवारची सायकल माझी झाली. बाची अट एकच होती. जिथं जायचं तिथं जा, ज्याच्याबरोबर जायचं त्याच्याबरोबर जा, पण दारूच्या वासानं घरी यायचं नाही. त्यानं हे दोनदा सांगितलं नाही आणि मी दोनदा विचारलं नाही.

आता माझ्या दोस्तांबद्दल. मोरेश्वर वकिलाचा मुलगा. गोरा, चष्मेवाला, चढ आला की सायकलवरून उतरून चालणारा. सुधाकर पाटलाचा. गावाकडं काळी कसदार जमीन, शहरात शिकायला खोली घेऊन राहिलेला, आवाज मोठा आणि स्वभाव मोकळाढाकळा. पहिल्याच वर्षी वर्गात त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, तुझ्याकडं सायकल आहे ना, मग चल रविवारी. खांद्यावर हात टाकला ही गोष्ट तेव्हा मला फार मोठी वाटली होती. आमच्या वर्गात माझ्या बाकावर बसणारे असे दोघंच होते, हा आणि मोरेश्वर. त्यामुळं मला त्या दोघांच्यात बरोबरीनं असायचं होतं. दुसरं काही नको होतं. पहिला नंबर नको, नोकरी नको, फक्त त्या तीन सायकलींतली एक सायकल आपली असावी आणि तिच्याकडं कोणी वळून पाहू नये, एवढंच. वयच तसं होतं. आज त्या पोराला भेटलो तर दोन ठेवून देईन.

पावसाळ्यात सायकलींचा काही उपयोग नसायचा. आमची काळी माती चाकात आणि मडगार्डात अशी काही भरते की सायकलच तुमच्या खांद्यावर बसते. मग आम्ही पायी निघायचो, चपला हातात घेऊन, बांधाबांधानं. पण दिवाळी झाली की रस्ते कोरडे व्हायचे, कापसाच्या गाड्या शहराकडं निघायच्या आणि आम्ही त्यांच्या उलट दिशेनं सुटायचो. सकाळी माय भाकरी थापायची. तिच्या थापण्याचा आवाज आमच्या घरात भोंग्याच्या आधी व्हायचा. माझ्या एकट्याच्या नाही, तिघांच्या भाकरी ती बांधून द्यायची. ज्वारीची भाकर, लसूण घातलेला मिरचीचा ठेचा, आणि हिवाळा असला की तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, आणि वांगी यांची दाटसर भाजी. गाठोड्याला गाठ मारताना ती म्हणायची, पोट्टे मायच्या घरून दूर राह्यतात, त्यायले देशील बरं. सुधाकर तसा खरंच दूर राहत होता. मोरेश्वरचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, पण मायच्या हिशेबात कॉलेजात शिकणारं प्रत्येक पोर उपाशीच असायचं.

त्या भाकरी मीच खायचो. सुधाकर म्हणायचा, खोलीवरून भरपेट खाऊन निघालो आहे. मोरेश्वर म्हणायचा, त्याला तिखट चालत नाही. बरं, नसेल चालत. कधी कधी त्यानं भाकरीचा कोरडा तुकडा मोडून खाल्ला आहे, हे मी इथं लिहून ठेवतो, नाहीतर तो म्हणेल मी खोटं लिहिलं.

आमचे थांबे ठरलेले असायचे. पहिला थांबा एका गावातल्या हॉटेलाचा. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं आता माझे सोयरे राहतात आणि त्यांना तिथंच राहायचं आहे. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, आत दोन बाकडी, मातीची भट्टी आणि काळ्याकुट्ट कढईत आलूबोंडे. समोर कडुलिंबाचं झाड. आम्ही आलो की सुधाकर म्हणायचा, आत धूर आहे, बाहेरच बसू. मग तो एकटाच आत जायचा आणि तीन कप घेऊन यायचा, दोन एका हातात आणि एक दुसऱ्या हातात. झाडाखाली बसून आम्ही चहा प्यायचो, परीक्षेवर बोलायचो, मुलींवर बोलायचो. कप तसेच झाडाखाली ठेवून निघायचो. हॉटेलच्या भिंतीला टेकून एक म्हातारा नेहमी बसलेला असायचा, डोक्याला मळकं फडकं गुंडाळून. आम्ही उठलो की तो उठायचा आणि माझा कप उचलायचा. मला वाटायचं, तो हॉटेलचा नोकर आहे. बाकीचे दोन कप तो का उचलत नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. इंग्रजीत फर्स्टक्लास मिळवणारा मी!

दुसरा थांबा शिंदीचा. हा परतीच्या वाटेवर, नाल्याकाठच्या शिंदीच्या बनात. तिथं दुकान असं काही नव्हतं. झाडाला खाच मारून रात्रभर मडकी टांगलेली असायची, सकाळी शिंदीवाला ती उतरवायचा आणि एका गोणपाटावर मांडून बसायचा. कायद्यात ते बसत होतं की नाही, ते कोणी विचारत नव्हतं. येणारे सगळेच लोक उकिडवे बसायचे, पाटील, गाडीवान, मजूर, कोणीही. जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, एकच गिलास असायचा. एक प्याला की बादलीत बुचकळून दुसऱ्याच्या हातात. कागदातले फुटाणे मधे ठेवलेले असायचे, त्यात सगळ्यांचे हात पडायचे. सुधाकर दोन-तीन गिलास लावायचा, मोरेश्वर एका गिलासात लाल व्हायचा. आणि मी प्यायचो नाही. मी फुटाणे खायचो. यावरून सुधाकर मला दर रविवारी छळायचा. म्हणायचा, सकाळची शिंदी म्हणजे नीराच, ती दारूत मोडतच नाही, सरकारी लोकसुद्धा पितात. दुपार चढली आणि मडक्याला फेस आला की म्हणायचा, आता तर अजूनच चांगली झाली. आणि एक वाक्य त्याचं ठरलेलं होतं, इथं कोणी जात पाहत नाही, तूच एकटा पाहून राहिला. मी हसून टाकायचो. मनात मात्र मलाही वाटायचं, खरं बोलतो आहे. एक गिलास, सगळ्यांच्या तोंडचा, आणि मीच तो नाकारतो. बाच्या शब्दानं मला दोस्तांपासून वेगळं केलं आहे असं मला वाटायचं. बाचा थोडा रागही यायचा. एखाद्या रविवारी आपण घेऊन टाकू, असं मी मनाशी जवळजवळ ठरवलंही होतं.

तो रविवार उजाडला तेव्हा थंडी कडक होती. गावाच्या तोंडाशी सुधाकरच्या चाकातली हवा गेली. तो पंक्चरवाल्याकडे थांबला, आम्ही दोघं पुढं हॉटेलवर आलो. मोरेश्वर झाडाखाली बसून चष्मा पुसायला लागला. हात गार पडले होते, चहा हवा होता, सुधाकरची वाट कोण पाहत बसेल? मी आत गेलो आणि तीन चहा सांगितले. हॉटेलवाल्यानं मला एकदा पाहिलं. फळीवरचे दोन कप घेतले, त्यांत चहा ओतला. मग किटली हातात घेऊनच तो मागच्या दारानं बाहेर गेला, मी दाराशी जाऊन पाहिलं. भिंतीला बाहेरून एक कोनाडा होता, त्यातून त्यानं तिसरा कप काढला. हिरव्या काठाचा, कान तुटलेला. माझा कप. मी त्याला पाहताक्षणी ओळखलं, वर्षभर त्यातून प्यालो होतो. कान नाही म्हणून मी तो दोन्ही तळव्यांत धरायचो आणि थंडीत ते बरंच वाटायचं.

मी विचारलं, हा तिकडं कशाला ठेवता? त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता ना लाज. रोजचं काम करणाऱ्या माणसासारखा तो म्हणाला, “तुमचा हाच ना? पाटलाच्या पोरानं पयल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, म्हून मले तुमाले काही विचारा नाही लागलं.”

 त्यानं चहा ओतून कप बाहेरच्या ओट्यावर ठेवला, माझ्या हातात दिला नाही. तेवढ्यात भिंतीपासचा म्हातारा बोलला. वर्षभरात पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकत होतो मी. “बाबू,” तो म्हणाला, “तुमी घेनार नसान तं मले द्या. कवाचा बसून राह्यलो मी, कप मोकळा होयाची वाट पाहून राह्यलो.”

त्याचं नाव गोमाजी, हे मला नंतर कळलं. गावातल्या आमच्या लोकांचा. बौद्ध झाले होते ते सगळे, पण त्या हॉटेलच्या लेखी कोनाड्यातला कप एकच होता आणि तो सगळ्या वस्तीत मिळून एकच होता. एकानं प्यायचा, स्वतः धुवायचा, कोनाड्यात ठेवायचा, मग दुसऱ्यानं. म्हणजे वर्षभर दर रविवारी मी झाडाखाली बसून परीक्षेच्या गप्पा मारत सावकाश घोट घेत होतो तेव्हा तो म्हातारा थंडीत माझ्या कपाची वाट पाहत होता. आणि मी ठेवून गेलेला उष्टा कप तो धूत होता, कारण माझा कप धुणं हे त्या हॉटेलात दुसऱ्या कोणाचं कामच नव्हतं. त्यानं ओट्यावरचा चहा उचलला, दोन घोटांत संपवला, कप घासला आणि कोनाड्यात नेऊन पालथा घातला.

मी बाहेर आलो. मोरेश्वरनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. म्हणजे यालाही माहीत होतं! त्याला मी विचारलंसुद्धा नाही. तेवढ्यात सुधाकर शीळ घालत आला, आणि मी त्याला सगळ्या रस्त्यासमोर विचारलं. त्याला माझा राग समजलाच नाही. तो खरोखर दुखावला गेला, हे मला आजही सहन होत नाही. म्हणाला, “अबे, तुले वाईट वाटू नये म्हूनच तं मी आत जाऊन सांगत होतो. वर्षभरात एकदा तरी कळू देलं का तुले? सांग ना.”

त्याला वाटत होतं त्यानं माझ्यावर उपकार केले. आजही वाटतं. मांडवात माझ्याकडं बोट दाखवताना त्याच्या डोळ्यांत तेच होतं. एखाद्यानं तोंडावर शिवी दिली तर निदान कळतं कोण काय आहे. हा मला दर रविवारी हसतहसत तो कप आणून देत होता, दुसऱ्या हातात वेगळा धरून, आपल्या दोन कपांना लागू न देता. आणि याला आपली मैत्री म्हणत होता. थू!

मी सायकलवर टांग मारली आणि सुटलो. शिंदीच्या बनापाशी माझी चेन पडली, नाहीतर थांबलोही नसतो. हात काळे करत चेन बसवत होतो तोवर ते दोघं आले. मोरेश्वर धापा टाकत होता. सुधाकर उतरला, थेट मडक्यांकडे गेला आणि जर्मनचा गिलास भरून घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. आधी स्वतः एक घोट घेतला, मला दाखवून, आणि उरलेला गिलास माझ्यापुढं धरला. म्हणाला, हॉटेलवाला गावंढळ आहे, त्याचं सोड. इथं बघ, माझ्या तोंडचा गिलास आहे. पी आणि मिटवून टाक.

खरं सांगतो, मी तो हातात घेतला. आंबूस वास नाकात गेला. सगळं बन आमच्याकडे पाहत होतं, शिंदीवाला, दोन गाडीवान. मला जे हवं होतं ते हातभरावर होतं, बाचा शब्द मोडला की झालं. आणि तेव्हाच मला कॅरिअरवरचं गाठोडं दिसलं. मी गिलास खाली जमिनीवर ठेवला, गाठोडं सोडलं आणि भाकरी त्याच्यापुढं धरल्या. म्हटलं, मी पितो. घरात शपथ आहे, ती मोडतो तुझ्यासाठी. तू फक्त माझ्या मायची भाकर खा. वर्षभर ती तुझ्या नावानं थापते आहे.

त्यानं भाकरीकडे पाहिलं. मी तुम्हाला सांगतो, त्याला भूक लागली होती, सकाळपासून त्याच्याही पोटात काही नव्हतं. मोरेश्वर पुढं झाला आणि घाईघाईनं एक तुकडा मोडून ठेच्यासकट तोंडात घातला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत चावत राहिला. पण मी त्याला विचारलंच नव्हतं. मी सुधाकरला विचारत होतो.  तो समजूत घातल्यासारखं म्हणाला, “दारूचं अलग आहे, पुंडलिक. भाकरीचं अलग आहे.”

मी गिलास उचलला आणि त्याच्या पायाशी रिकामा केला. शिंदी उडून माझ्याच सदऱ्यावर आली.

घरी पोहोचलो तेव्हा माय पडवीत तूर निवडत होती. बाचा रविवार होता, तो दाराशी बसून दोर वळत होता. माझ्या अंगाला वास येत होता आणि तो वास ओळखायला बाला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. त्याचा हात दोरावर थांबला. मायनं दोघांकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. मी त्याला प्यालो नाही असं सांगितलं नाही. मी कपाचं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गोमाजीचंही सांगितलं. भाकरीचं मात्र सांगितलं नाही, माय ऐकत होती.  माझं बोलणं संपल्यावर बानं एवढंच विचारलं, “कोनतं गाव?” मी सांगितलं. त्यानं पुन्हा दोर वळायला घेतला.

पुढच्या रविवारी मी झोपेतून उठलो तर बा पांढरं धोतर आणि पांढरा सदरा घालून तयार होता. हे कपडे तो वर्षातून एकदाच बाहेर काढायचा. सायकल पुसून ठेवली होती. “चाल,” म्हणाला. मी हाणली, तो मागं बसला.

त्या गावचा बाजार रविवारचा, एरवी आम्ही दोस्त तो भरायच्या आत पुढं निघून जायचो. आम्ही पोहोचलो तेव्हा बाजार भरत होता आणि हॉटेलात ही गर्दी. बा सरळ आत गेला, बाकड्यावर बसला, मला शेजारी बसवलं आणि म्हणाला, दोन चहा. शेजारचे लोक उठून बाहेर गेले. हॉटेलवाल्यानं आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाला, चहा संपला. भट्टीवर पातेलं उकळत होतं. बा म्हणाला, “होऊ द्या. आमी बसतो.” हॉटेलवाल्यानं पातेलं उतरवून मागं नेऊन ओतून दिलं. आता काय? बाहेर बाजारकरी चहा मागत होते आणि तो कोणालाच देऊ शकत नव्हता, कारण एका माणसाला जरी दिला तरी समोर बसलेल्या बालाही द्यावा लागला असता. आमच्या बाजूनं कायदा झाला होता हे त्याला माहीत होतं, आणि बाला माहीत आहे हेही त्याला दिसत होतं. थोड्या वेळानं दूधवाला आला, त्याला त्यानं हातानंच परत पाठवलं. शेवटी भट्टीवर पाण्याची बादली ओतली. एवढी वाफ झाली की आम्ही दोघं खोकायला लागलो, पण बा जागचा हलला नाही.

गावातले चार-पाच दांडगे दारात येऊन उभे राहिले. त्यांतला एक म्हणाला, उठ. बा म्हणाला, चहा प्यालो की उठतो. त्यांनी आमच्याबद्दल, आमच्या मायबहिणींबद्दल जे म्हणायचं ते म्हटलं. बा समोरच्या भिंतीकडे पाहत बसून राहिला.  आणि हे लिहिलंच पाहिजे, गोमाजीलाही आमचं येणं आवडलं नाही. तो दाराबाहेरून बाला म्हणाला, “तुमी सायकलवर जासान निंघून. आमाले इथंच राहा लागते. माहा एक चहा होता, तोबी बुडवला तुमी.” बा त्याला म्हणाला, “बुडू द्या.” म्हातारा शिव्या देत भिंतीला जाऊन टेकला. तो आत येऊन आमच्याजवळ बसला, असं लिहायला मला आवडलं असतं. तो आला नाही.

दुपारी दारातून मला सुधाकर आणि मोरेश्वर दिसले. उशिरा का होईना आले होते, माझ्याशिवाय. सुधाकरनं आत पाहिलं, मला पाहिलं, बाला पाहिलं, आणि सायकली लावल्या होत्या तिकडे सरकला. मोरेश्वर त्याच्या मागं गेला. मग मला ते दिसले नाहीत.

बाजार उठला. पालं सुटली, गाड्या जुंपल्या गेल्या, हॉटेलवाला थंड भट्टीसमोर डोकं धरून बसला होता. बा उठला, सदरा झटकला आणि त्याला म्हणाला, पुढच्या रविवारी परत येतो. बाहेर आलो तर आमच्या सायकलीची दोन्ही टायरं उभी फाडलेली. शेजारी सुधाकर एकटाच आपल्या सायकलीला टेकून उभा होता, दुपारपासून तिथंच उभा असणार. त्याच्या सायकलीला कोणी हात लावला नव्हता. मी त्याला विचारलं, कोणी केलं? तो म्हणाला, “म्या नाही पाह्यलं.” बानं त्याच्याकडं मानसुद्धा वळवली नाही. सुधाकर, तू हे वाचशीलच. पुढच्या लग्नात माइक घेशील तेव्हा हे सांग. तू पाहिलं होतंस.

आम्ही अमरावतीकडे पायी निघालो. मी सायकल ढकलत होतो, फाटकी टायरं रस्त्यावर फटफट आपटत होती. उन्हं कलली होती, कापसाच्या रिकाम्या गाड्या समोरून येत होत्या, आणि गाडीवान बाच्या पांढऱ्या कपड्यांकडे आणि त्या सायकलीकडे पाहत पुढं जात होते. माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं आणि राग इतका होता की भूकही लागत नव्हती.  बानं मला शहरात वाढवलं होतं, फॅक्टरीच्या भिंतीआड, खेड्यावरच्या नातेवाइकांकडेही कधी राहायला पाठवलं नव्हतं. का पाठवलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं.

“मी तुले तो कप कधी दाखवलाच नाही,” तो म्हणाला. “वाटलं होतं, तुले पाहाचं कामच नाही पडनार. म्हून तुले ओळखू आला नाही.”

मी म्हटलं, “बरं केलं. दाखवला असता तं मी पयल्याच दिवशी ओळखला असता, अन् गोमाजीवानी भिताडाले टेकून बसलो असतो.”

बा थांबला. माझ्याकडे पाहिलं. मग सायकल त्यानं माझ्या हातून घेतली आणि घरापर्यंत स्वतः ढकलत नेली.